छत्तीस चौकटींत वेगवान खेळ : फिल्म कॅमेऱ्याने मैदानावरची छायाचित्रे कशी सुधारावीत

शिवाजी पार्कवरच्या एका नेटच्या बाजूला उभे राहून काढलेल्या माझ्या पहिल्या रोलची काँटॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या साऱ्या चौकटी मूळ आकारात एकत्र छापलेला कागद, मी अजून जपून ठेवली आहे. भिंग लावून ती पाहिली की एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते : फलंदाजाची बॅट एक तर खांद्याजवळ आहे, नाही तर फटका संपवून दुसऱ्या खांद्यावर गेली आहे. बॅट आणि चेंडू एकत्र आहेत असा क्षण छत्तीसपैकी एकाही चौकटीत नाही. उजेड योग्य होता, फोकस बऱ्याच ठिकाणी नेमका होता, कॅमेऱ्यातही काही दोष नव्हता. चुकली होती ती वेळ, आणि वेळ चुकण्याचे कारण असे की मी प्रत्येक वेळी क्षण दिसल्यावर बटण दाबत होतो.

एसएलआर कॅमेऱ्यात, म्हणजे आतल्या आरशामार्फत लेन्समधलेच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, छायाचित्र निघते त्या क्षणी आतला आरसा वर उचललेला असतो आणि व्ह्यूफाइंडर काळा झालेला असतो. म्हणजेच बॅट चेंडूला लागताना तुम्ही डोळ्यांनी पाहिली असेल, तर तो क्षण फिल्मवर उतरलेला नाही. डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जातो आणि बोट दाबल्यावर आरसा उचलून पडदा उघडेपर्यंत आणखी विसावा भाग किंवा थोडा कमी-अधिक वेळ जातो. दोन्ही मिळून पाव सेकंद होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारा चेंडू तेवढ्यात सात मीटर पुढे जातो. या पाव सेकंदाचा हिशेब आधीच करून ठेवणे हाच फिल्मवरच्या क्रीडा छायाचित्रणाचा गाभा आहे, असे माझे ठाम मत आहे. जागा, उजेड, फोकस आणि क्षण हे चारही निर्णय खेळाडू समोर येण्यापूर्वी झालेले असले पाहिजेत. पुढे जे काही लिहिले आहे ते याच चार निर्णयांविषयी आहे.

कॅमेरा आणि लेन्स

याविषयी थोडक्यात लिहितो, कारण नवशिके नेमके इथेच सर्वाधिक वेळ आणि पैसा घालवतात. शटर (फिल्मसमोरचा पडदा उघडा राहण्याची वेळ) १/१००० सेकंदापर्यंत जाणारा कोणताही सुस्थितीतला एसएलआर या कामाला पुरतो. पेंटॅक्स के-१००० किंवा कॅनन एई-१ यांची मर्यादा तेवढीच आहे, याशिका एफएक्स-३ सुपर २००० ही १/२००० पर्यंत जाते आणि निकॉन एफएम-२ हा १/४००० पर्यंत. यांपैकी एखादा कॅमेरा बहुतेकांच्या घरात कपाटात पडलेला असतो किंवा फोर्टातल्या बोरा बाजाराच्या परिसरात जुन्या मालात मिळतो. घेण्यापूर्वी एकच गोष्ट आवर्जून तपासावी : जुन्या कॅमेऱ्यांचे वेगवान शटर सुस्त झालेले असते आणि डायलवर १/१००० लिहिलेले असले तरी पडदा प्रत्यक्षात १/६०० च्या आसपास उघडत असू शकतो. दुरुस्ती करणाऱ्याकडून शटर मोजून, साफ करून घेण्याचा खर्च नव्या लेन्सपेक्षा आधी करावा. मुंबईच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशीही फार लवकर धरते, म्हणून लेन्स उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसत नाहीत ना, हे पाहावे आणि घरी कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा.

लेन्सच्या बाबतीत साधे गणित करावे. २०० मिमी लेन्सने ६० मीटरवरच्या सहा फुटी फलंदाजाची प्रतिमा फिल्मवर जेमतेम ६ मिलिमीटर उंच पडते, आणि आडव्या चौकटीची उंची २४ मिलिमीटर असते. म्हणजे सीमारेषेबाहेरून २०० मिमी लेन्सने खेळपट्टीवरचा फलंदाज चौकटीचा चौथा हिस्साच व्यापतो. त्याच फलंदाजाला नेटमध्ये दहा मीटरवरून १३५ मिमी लेन्सने पाहिले तर आडवी चौकट पुरी भरते. यातून निघणारा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो : लांब आणि महाग लेन्स मिळवण्यापेक्षा जिथे खेळाडू जवळ येतो असे खेळ आणि अशा जागा निवडाव्यात. या दृष्टीने मुंबईकर भाग्यवान आहेत. सरावाची नेट, खो-खोची मैदाने आणि गल्लीच्या तोंडाशी भरणारे कबड्डीचे सामने येथे पाच-दहा मीटरवरून पाहता येतात. ५० मिमी एफ/१.८ आणि १३५ मिमी एफ/२.८ या दोन लेन्स घेऊन कित्येक वर्षे काम होते (एफ-अंक हे लेन्सच्या छिद्राचे माप असून तो जितका लहान, तितका उजेड जास्त).

फिल्म आपोआप पुढे सरकवून लागोपाठ चित्रे घेणाऱ्या मोटर ड्राइव्हने वेळ चुकण्याचा प्रश्न सुटत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. सेकंदाला तीन चौकटी या वेगाने फिल्म पुढे सरकत असेल तर दोन चौकटींच्या मध्ये चेंडू नऊ-दहा मीटर पुढे गेलेला असतो. त्यामुळे महत्त्वाचा क्षण बहुधा त्या मोकळ्या जागेतच निसटतो आणि बारा सेकंदांत रोल संपतो.

उजेड आणि फिल्म

खेळासाठी नेहमीची फिल्म आयएसओ ४०० ची असावी (हा आकडा जितका मोठा, तितकी फिल्म उजेडाला अधिक संवेदनशील). कृष्णधवलमध्ये इल्फर्ड एचपी-५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स आणि रंगीतमध्ये अल्ट्रामॅक्स ४०० किंवा पोर्ट्रा ४०० या भरवशाच्या आहेत. स्वच्छ उन्हात ४०० ची फिल्म एफ/१६ आणि १/५०० इतका उजेड घेते. त्याचाच अर्थ एफ/११ ला १/१००० आणि एफ/८ ला १/२०००. ऊन विरळ झाले की एफ/८ ला १/१००० मिळते, आणि मोकळ्या सावलीत किंवा मऊ संध्याकाळी एफ/४ ला १/१०००. जुलै-ऑगस्टमध्ये ढग दाटून आले की एफ/४ ला १/५०० एवढेच हाती राहते. हे आकडे पाठ असावेत, कारण पावसाळ्यात आझाद मैदानावर ढग सरकेल तसा दर दहा मिनिटांनी उजेड बदलतो. मुंबईतल्या क्लबांची क्रिकेट स्पर्धा, कांगा लीग, १९४८ साली याच ऋतूसाठी सुरू झाली. ओलसर खेळपट्टी, मातीने माखलेले पांढरे कपडे आणि करडे आकाश असे दृश्य कृष्णधवल फिल्मसाठी अतिशय समृद्ध असते, फक्त तिथे एफ/२.८ ची लेन्स हाताशी असलेली बरी.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांना फसतो. चौकटीत पांढरे जास्त आले की तो उजेड कमी करतो आणि हेल्मेटच्या किंवा टोपीच्या सावलीतला चेहरा काळा पडतो. म्हणून खेळाडूवर ज्या दिशेने उजेड पडतो आहे त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरावा, त्यावर मीटर लावावा, जे माप येईल त्याहून एक स्टॉप अधिक, म्हणजे दुप्पट, उजेड द्यावा आणि कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून ते माप कायम करावे. निगेटिव्ह फिल्मला एखादा स्टॉप जास्त झालेला चालतो, कमी झालेला चालत नाही, त्यामुळे शंका आली तर अधिक उजेडाच्या बाजूला झुकावे. भर दुपारी बारा ते तीन मी कॅमेरा पिशवीतच ठेवतो. टोपीखालचे चेहरे त्या वेळी वाचवता येत नाहीत. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर ऊन तिरपे होते, मैदानाच्या लाल मातीवरून परावर्तित होऊन चेहऱ्यावर येते, आणि चित्राला खोली मिळते.

एक व्यावहारिक सूचना येथेच नोंदवतो. मैदानापर्यंत मेट्रोने जात असाल तर सामान तपासणीच्या क्ष-किरण यंत्रातून ८०० किंवा त्याहून वेगवान फिल्म वारंवार जाऊ देऊ नये, कारण प्रत्येक फेरीचा परिणाम साठत जातो. पारदर्शक पिशवीत रोल वेगळे ठेवून ते हाताने तपासण्याची विनंती नम्रपणे केली, तर बहुतेक वेळा ती मान्य होते.

शटर किती ठेवावे

क्रिकेटच्या चेंडूचा व्यास सुमारे ७ सेंटिमीटर असतो. ताशी १२० किलोमीटर वेगाचा चेंडू १/५०० सेकंदात जवळजवळ तेवढेच अंतर कापतो, म्हणजे चित्रात तो स्वतःच्या दुप्पट लांब दिसतो. १/१००० ला हा ताण अर्धा होतो. धावणाऱ्या माणसासाठी १/५०० पुरते, परंतु त्याचे हात आणि पाय धडाहून कितीतरी वेगाने हलतात आणि पुसट होतात. हा पुसटपणा मला दोष वाटत नाही, चेहरा स्थिर आणि पाय हलते असतील तर धाव अधिक जिवंत दिसते. दिशाही लक्षात घ्यावी. आडवा धावणारा खेळाडू चौकटीत वेगाने सरकतो, तर सरळ तुमच्याकडे धावत येणारा फारसा सरकत नाही, म्हणून त्याच्यासाठी १/२५० देखील चालते. अर्थात तेव्हा फोकस अधिक अवघड होतो.

उजेड कमी असताना उपयोगी पडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे उडीचा माथा. वर गेलेले शरीर खाली येण्यापूर्वी क्षणभर जवळजवळ थांबते. शिवाजी पार्कजवळ समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब पाहताना हे सहज कळते : खांबावरून सुटलेला मुलगा हवेत सर्वात वर असताना १/१२५ लाही रेखीव येतो, आणि तोच मुलगा खाली येताना त्याच शटरला पुसट होतो.

फोकस आधीच लावून ठेवणे

हाताने फिरवायच्या लेन्सने धावत्या खेळाडूचा पाठलाग करत फोकस साधणे वर्षानुवर्षांच्या सरावाने जमते. हौशी माणसाने त्यामागे न लागता खेळाडू जिथे येणारच आहे तिथे फोकस लावून त्याची वाट पाहावी. प्रत्येक खेळात अशा ठरलेल्या जागा असतात. क्रिकेटमध्ये फलंदाजाची क्रीझ आणि धावचीत होण्याची शक्यता असलेले टोक, कबड्डीत मध्यरेषा आणि बोनस रेषा, खो-खोत दोन्ही टोकांचे खांब, फुटबॉलमध्ये कॉर्नर किकच्या वेळी गोलजवळचा खांब.

जागा निश्चित झाल्यावर त्या ठिकाणच्या एखाद्या स्थिर वस्तूवर, म्हणजे यष्टीवर, चुन्याच्या रेषेवर किंवा खांबावर, फोकस लावावा आणि लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ते अंतर कायम करावे. त्यानंतर किती खोलीपर्यंत चित्र रेखीव राहील, हे आकड्यांनी माहीत असले पाहिजे. ८५ मिमी लेन्स, एफ/८, फोकस ८ मीटरवर असेल तर साधारण ६.३ मीटरपासून ११ मीटरपर्यंत सर्व काही रेखीव येते, म्हणजे साडेचार मीटरची पट्टी तुमच्या ताब्यात येते. १३५ मिमी, एफ/४, फोकस १० मीटरवर असेल तर ही पट्टी सव्वा मीटरवर येते. २०० मिमी, एफ/४, २० मीटरवर ती अडीच मीटरच्याही आत राहते. ५० मिमी, एफ/२.८, ६ मीटरवर मात्र ५ ते साडेसात मीटर मिळतात. या चार ओळी वहीत लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवल्या, तर मैदानावर निर्णय घेताना अंदाज करावा लागत नाही.

खो-खोवर ही पद्धत सर्वात चांगली शिकता येते, असा माझा अनुभव आहे. खेळाडू खांबाला वळसा घालून दिशा बदलतो, आणि पाठलाग करणारा त्याला तिथेच गाठण्यासाठी खांबाच्या आधाराने अंग झोकून सूर मारतो. हे एका डावात अनेकदा घडते आणि त्याच जागी घडते. खांबापासून आठ मीटरवर, मैदानाच्या मध्यरेषेपासून थोडे बाजूला, गुडघ्यावर बसावे. चार-साडेचारचे विरळ ऊन, ४०० ची फिल्म, एफ/८, १/१०००, ८५ मिमी, फोकस खांबावर. आता डोळा खांबावर न ठेवता पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यांवर ठेवायचा. खांबाकडे येताना त्याची पावले जवळजवळ पडू लागतात, एक हात खांबाकडे वळतो आणि खांदा खाली जातो. त्या खांद्यावर बटण दाबले की पाव सेकंदाने जे फिल्मवर येते त्यात एक हात खांबाला आहे, दुसऱ्या हाताची पाचही बोटे ताणलेली आहेत, पाय जमिनीपासून सुटलेले आहेत आणि मागे लाल मातीचा पंखा उडालेला आहे. आणि मी अजून एकच गोष्ट पाहतो : समोरच्या खेळाडूची पाठ त्या बोटांच्या किती पुढे आहे. ती दोन बोटे पुढे असेल तर चित्रात प्राण येतो, हातभर पुढे असेल तर ती चौकट बाजूला पडते.

तुमच्याकडे निकॉन एफ-१०० किंवा एफ-९०एक्स यांसारखा स्वयंचलित फोकसचा फिल्म कॅमेरा असेल तर सतत फोकसची पद्धत निवडून मधला बिंदू छातीवर ठेवावा. त्याने मैदानी फुटबॉल आणि हॉकी सोपे होतात. जागा आधी ठरवण्याची सवय मात्र तेव्हाही सोडू नये.

क्रिकेटचा क्षण

नेटमध्ये प्रशिक्षकांची परवानगी घेऊनच उभे राहावे, आणि लहान मुले खेळत असतील तर चित्रांचे काय करणार आहात हेही सांगावे. सामना चालू असताना गोलंदाजाच्या हातामागे किंवा साइटस्क्रीनच्या आसपास फिरणे आणि फ्लॅश वापरणे पूर्णपणे टाळावे. उजव्या फलंदाजाची छाती आणि चेहरा ऑफ साइडला असतो, त्यामुळे जागा त्या बाजूची घ्यावी. लेन्स जाळीच्या अगदी जवळ नेऊन एफ/४ किंवा एफ/२.८ वर ठेवली तर जाळीचे धागे चित्रातून नाहीसे होतात. फक्त जोरात आलेला चेंडू जाळीला हातभर बाहेर ढकलतो, म्हणून हूड लावावा आणि कट मारला जातो त्या सरळ रेषेत उभे राहू नये.

आता पहिला धडा फिल्म न भरता घ्यायचा. रिकाम्या कॅमेऱ्याने पन्नास चेंडू टिपावेत. उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला आणि डावा उघडा, म्हणजे गोलंदाज दिसत राहतो. शालेय किंवा क्लबच्या मध्यमगती गोलंदाजाचा चांगल्या टप्प्याचा चेंडू फलंदाजापासून साधारण सहा-सात मीटरवर पडतो. आपला हिशेब केलेला पाव सेकंद आणि हे अंतर जुळते, म्हणून टप्पा पडताच बोट दाबायचे. टप्प्याचा आवाज आणि शटरचा आवाज यांच्यात किती अंतर राहते, ते कानाने ऐकावे. बॅटचा आवाज शटरच्या आवाजात मिसळला तर वेळ बरोबर साधली आहे, बॅटचा आवाज आधी ऐकू आला तर तुम्ही उशीर केला आहे. चेंडू पुढे टाकलेला असेल तर टप्प्याची वाट पाहू नये, फलंदाजाचा पुढचा पाय निघताच दाबावे. फिरकी गोलंदाजीला हा हिशेब लागू पडत नाही, कारण टप्प्यानंतर बराच वेळ उरतो. तिथे बॅट खाली यायला लागण्याची खूण धरावी.

पन्नास रिकाम्या चेंडूंनंतर रोल भरावा आणि एका षटकात दोनपेक्षा अधिक चौकटी घेऊ नयेत. मोजून घेण्याचे हे बंधन जाचक वाटते, पण त्यामुळे उरलेल्या चार चेंडूंत फलंदाजाची सवय वाचली जाते : तो पाय आधी काढतो की बॅट, आखूड चेंडूला मागे जातो की बसतो. ३२-३३ चौकटी झाल्या आणि सामना निर्णायक टप्प्यावर असेल, तर उरलेल्या तीन-चार चौकटींचा मोह न धरता षटकांच्या मधल्या वेळेत रोल बदलून घ्यावा.

१९८८ साली आझाद मैदानावरच्या हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. या मैदानांवर चाललेला शालेय सामना क्षुल्लक समजू नये असे मला मनापासून वाटते. मोठ्या स्टेडियममध्ये हौशी माणसाला जवळ जाता येत नाही आणि इथे येते. आणि क्षण गेल्यानंतरही कॅमेरा खाली ठेवू नये. बाद झालेल्या मुलाचे पॅड काढताना झुकलेले डोके, यष्टिरक्षकाने उडवलेला हातमोजा, बाकावरच्या सोबत्यांचे एकाच वेळी उभे राहणे ही चित्रे १/२५० लाही येतात आणि कित्येकदा फटक्यापेक्षा जास्त टिकतात.

पॅनिंग

खेळाडूबरोबर कॅमेरा फिरवत, शटर मुद्दाम मंद ठेवून चित्र घेतले की खेळाडू रेखीव राहतो आणि पार्श्वभूमी आडव्या रेषांत ओढली जाते. यासाठी मरीन ड्राइव्ह ही अतिशय सोयीची जागा आहे, आणि तिची सोय दिशेत आहे. समुद्र पश्चिमेला आणि इमारतींची रांग पूर्वेला असल्यामुळे सकाळी लवकर रस्ता इमारतींच्या सावलीत असतो. मंद शटरला नेमका असाच उजेड लागतो. १०० ची फिल्म, एफ/८, १/६० हे माप तिथे जुळते. हेच काम भर उन्हात करायला गेल्यास १/३० साठी एफ/३२ लागेल आणि ते बहुतेक लेन्सवर नसते.

पाय खांद्याएवढे फाकवून सायकलस्वार जिथे अगदी समोर येईल त्या दिशेला पावले रोखावीत, आणि कंबरेतून मागे वळून तो दूर असतानाच त्याला चौकटीत घ्यावे. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर फोकस आधीच लावलेला असतो. कोपर छातीला टेकवून त्याच्या गतीने वळत राहावे, समोर आल्यावर बोट हळूच दाबावे आणि दाबल्यानंतरही वळणे थांबवू नये. बहुतेकांचे चित्र इथेच बिघडते, कारण आवाज झाला की शरीर आपोआप थांबते. सायकलसाठी १/६० आणि धावणाऱ्यांसाठी १/३० पासून सुरुवात करावी. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनला हजारो धावपटू एकाच दिशेने जात असतात, पण एकामागे एक गर्दीत पॅनिंग निभत नाही. एकटा सुटून धावणारा येईपर्यंत थांबावे. छत्तीसपैकी चार-पाच चौकटी साधल्या तर तो रोल चांगला झाला असे मी मानतो.

दिव्यांखालची कबड्डी

लालबाग, परळ, प्रभादेवी या गिरणगावच्या भागांत संध्याकाळनंतर दिव्यांखाली होणारे कबड्डीचे सामने टिपायला सर्वात अवघड असतात, आणि मला सर्वात प्रिय आहेत. अशा मैदानावर उजेड साधारण इतका असतो की आयएसओ १६०० धरल्यास एफ/२.८ ला १/५०० मिळते, दिवे थोडे कमी असतील तर एफ/२ लागते. येथे फ्लॅश वापरू नये. चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांवर तो आला तर इजा होऊ शकते.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते आणि चढाई ३० सेकंदांची असते. पंचांना विचारून, बाजूच्या रेषेपासून दोन मीटर मागे, मध्यरेषेच्या जवळ बसावे. मध्यभागी फोकस ठेवला तर अंतर सात मीटर होते आणि ८५ मिमी, एफ/२ वर रेखीव पट्टी जेमतेम पाऊण मीटर मिळते. म्हणून मी संपूर्ण चढाई टिपण्याचा प्रयत्न करत नाही. चढाईपटू पकडीतून सुटून मध्यरेषेकडे अंग झोकतो त्या क्षणासाठी फोकस रेषेवर ठेवून थांबतो. खूण ऐकू येते : दमाचा सलग ‘कबड्डी, कबड्डी’ चालू असतो आणि पकड बसताच तो आवाज एकदम घशात दाबला जातो. तो आवाज बदलला की बोट सज्ज ठेवावे. यानंतर सेकंदभरात चुन्याच्या रेषेवर बोटे येतात, मागे तीन जण त्याच्या कंबरेला आणि घोट्याला लटकलेले असतात, आणि सर्व चेहरे एकाच दिशेला असतात. बोटे आणि रेषा यांच्यातले वीतभर अंतर हेच त्या चित्राचे कथानक असते, त्यामुळे चौकटीत रेषा आलीच पाहिजे.

दिव्यांची एक अडचण आधी माहीत असावी. विजेच्या प्रवाहामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तीव्र होतात. १/५०० ला एक चौकट उजळ आणि पुढची अंधारी येते किंवा चौकटीत आडवे-उभे पट्टे पडतात, त्यात मीटरचा दोष नसतो. याला पूर्ण उपाय नाही, परंतु महत्त्वाच्या क्षणी लागोपाठ दोन चौकटी घ्याव्यात आणि चढाईपूर्वीच्या स्थिर क्षणांसाठी, म्हणजे साखळीतले हात, मांडीवर थाप मारणारा चढाईपटू यांसाठी, शटर १/१०० किंवा १/१२५ वर आणावे.

रोल धुणे

४०० ची फिल्म १६०० धरून वापरली असेल तर ती जास्त वेळ धुवावी लागते, याला फिल्म पुश करणे म्हणतात. पुश केल्याने फिल्मची संवेदनक्षमता खरोखर चौपट होत नाही. उजेडाचे भाग वर उचलले जातात, सावल्यांतला तपशील जातो आणि दाणे मोठे होतात. म्हणून दिव्याचा उजेड ज्या चेहऱ्यावर पडतो आहे त्याचेच माप घ्यावे आणि अंधारी पार्श्वभूमी काळीच राहू द्यावी. एकाच रोलमध्ये काही चौकटी ४०० ला आणि काही १६०० ला घेता येत नाहीत, कारण संपूर्ण रोल एकाच वेळेने धुतला जातो.

बाहेर धुवायला देताना रोलच्या डबीवर ठळक अक्षरांत ‘१६०० – दोन स्टॉप पुश’ असे लिहावे आणि पावतीवरही लिहून घ्यावे. एकदा मी हे केवळ तोंडी सांगितले. रोल नेहमीच्या वेळेने धुतला गेला आणि एका संपूर्ण अंतिम सामन्याच्या निगेटिव्ह जवळजवळ पारदर्शक निघाल्या. त्या परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नसतो.

कृष्णधवल फिल्म घरी धुणे कठीण नाही आणि पुश करायची असेल तर घरीच धुवावी, असा माझा आग्रह आहे. एचपी-५ प्लसला आयडी-११ या डेव्हलपरच्या (प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनाच्या) पाणी न मिसळलेल्या मूळ द्रावणात २० अंश सेल्सियसला ४०० साठी साडेसात मिनिटे आणि १६०० साठी १४ मिनिटे लागते. मायक्रोफेन या दुसऱ्या डेव्हलपरमध्ये १६०० साठी ११ मिनिटे पुरतात आणि सावल्या थोड्या अधिक टिकतात. मुंबईत अडचण असते ती पाण्याची. नळाचे पाणी वर्षातील बराच काळ २७-२८ अंशांच्या पुढे असते. परातीत बर्फ घालून त्यात द्रावणांच्या बाटल्या अर्धा तास ठेवाव्यात आणि थर्मामीटरने २० अंश पाहूनच सुरुवात करावी. ते शक्य नसेल तर दर अंशाला वेळ सुमारे एक दशांशाने कमी करावी, मात्र एकूण वेळ पाच मिनिटांच्या खाली गेल्यास फिल्म सारखी धुतली जात नाही. पावसाळ्यात फिल्म वाळायला फार वेळ लागतो. न्हाणीघरात पंखा न लावता, दार बंद करून रात्रभर टांगावी, म्हणजे ओल्या फिल्मवर धूळ बसत नाही.

वही

मैदानावर प्रत्येक चौकटीनंतर लिहिणे शक्य नसते, पण षटकाच्या किंवा डावाच्या शेवटी एवढे लिहावे : चौकटीचा क्रमांक, शटर, एफ-अंक, फोकसचे अंतर, आणि कोणत्या खुणेवर बटण दाबले. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा आहे. काँटॅक्ट शीट तयार झाली की ती वहीशेजारी ठेवून भिंगाने प्रत्येक चौकट पाहावी आणि पुसट चित्राचे कारण ओळखावे. पार्श्वभूमी रेखीव आणि खेळाडू पुसट असेल तर शटर मंद होते. खेळाडूच्या पुढची किंवा मागची जमीन रेखीव असेल तर फोकस चुकला. सर्वच एकाच दिशेने ओढले गेले असेल तर कॅमेरा हलला. सर्व काही रेखीव आहे आणि तरीही चित्र निर्जीव असेल, तर खूण चुकली, आणि पुढच्या रोलसाठी त्या रकान्यात नवी खूण लिहावी : टप्प्याऐवजी पुढचा पाय, हाताऐवजी खांदा, डोळ्याऐवजी आवाज.